डोळे निर्दोष म्हणजे अमायलॉइडोसिस नाही?

‘डोळ्यांपुढे ठिपके तरंगू लागले किंवा डोळ्यांभोवती काळे डाग पडले, तर ती अमायलॉइडोसिसची पहिली खूण होय, डोळे निर्दोष असतील, तर हा आजार नाही’ असा मजकूर बराच पसरला आहे. चुकीची घडी पडलेली प्रथिने तंतूंच्या रूपाने (म्हणजेच अमायलॉइड) अवयवांत साचवणारा हा आजार लवकर ओळखायला हवा, यात वाद नाही. पण या मजकुरामुळे निरोगी माणूस घाबरतो आणि खरा रुग्ण गाफील राहतो.

तरंगणारे ठिपके बहुतेकांना वयोमानाने काचद्रव (डोळ्यातला जेलीसारखा पारदर्शक पदार्थ) आकसल्यामुळे दिसतात. (ते अचानक वाढले आणि सोबत प्रकाश चमकू लागला, तर दृष्टिपटल फाटल्याची शक्यता असते; तेव्हा तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे.) अमायलॉइडमुळे काचद्रव गढूळ होतो तो प्रामुख्याने ट्रान्सथायरेटिन या मुख्यतः यकृतात बनणाऱ्या प्रथिनाच्या आनुवंशिक प्रकारात, आणि काही जनुकीय बदलांत हीच पहिली तक्रार असू शकते. त्यामुळे घराण्यात हा आजार असेल किंवा जोडीला हातापायांना बधिरता असेल, तर संशय घेणे रास्त आहे.

डागांबाबतही असेच आहे. एएल प्रकारात (यात प्रतिपिंडांच्या ‘लाइट चेन’ नावाच्या तुकड्यांपासून अमायलॉइड बनते) नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या खोकल्याने किंवा डोळे चोळल्यानेही फुटतात आणि पापण्यांवर जांभळे रक्ताळलेले चट्टे उठतात. ही खूण अर्थपूर्ण असली, तरी थोड्याच रुग्णांत दिसते आणि जागरणाने येणाऱ्या काळ्या वर्तुळांशी तिचा संबंध नाही.

शिवाय डोळ्यात अमायलॉइड सापडले म्हणजे ते सर्व शरीरात आहेच, असे नव्हे. नेत्रश्लेष्मल त्वचेवरची (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणावरची) पिवळसर गाठ बहुधा तेवढ्यापुरतीच असते, आणि टीजीएफबीआय जनुकातील दोषामुळे कॉर्नियात उमटणाऱ्या जाळीदार रेषाही डोळ्यापुरत्याच राहतात. मात्र नेत्रतज्ज्ञ मेरेटोया यांनी १९६९ मध्ये फिनलंडमध्ये वर्णन केलेल्या जेलसोलिन या प्रथिनाच्या प्रकारात तशाच रेषा आधी दिसतात आणि चेहऱ्याच्या नसा पुढे दुबळ्या होतात. दाव्यातला खरा अंश तो इथे आहे.

सर्वांत घातक आहे ते शेवटचे वाक्य. एएल प्रकारात मूत्रपिंड आणि हृदय गंभीररीत्या बाधित असूनही डोळे बहुधा निर्दोष असतात. लघवीतून प्रथिने जात असतील, पायांना सूज किंवा अकारण धाप असेल, तर रक्त-लघवीतील लाइट चेन, हृदयाची तपासणी आणि गरजेनुसार ऊतीचा तुकडा काँगो रेड या अमायलॉइड दाखवणाऱ्या रंगाने रंगवून पाहणे, हाच मार्ग आहे. याउलट ट्रान्सथायरेटिन दृष्टिपटलाच्या रंगद्रव्य-थरातही तयार होत असल्याने, यकृत प्रत्यारोपणानंतरही डोळ्यात साठा वाढत राहू शकतो. म्हणून आनुवंशिक प्रकाराच्या रुग्णांनी उपचारांनंतरही नेत्रतपासणी चालू ठेवावी.