सौर पॅनल आणि अरबी समुद्रातील वादळे

गोव्यात घरोघरी छतावर सौर पॅनल बसवावेत, हे सौर ऊर्जेवरील एका लेखात वाचलेले प्रतिपादन मला मान्य आहे. मात्र बदलते हवामान याच यंत्रणेवर काय परिणाम करते, याचा विचार त्यात झालेला नाही. पॅनलची क्षमता 25 अंश सेल्सियसला मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनलची वीजनिर्मिती साधारण 0.3 ते 0.5 टक्क्यांनी घटते, त्यामुळे मे महिन्यात पॅनल 60 अंशांपर्यंत तापले की लख्ख ऊन असूनही दहा टक्क्यांहून अधिक वीज हातची जाते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आमच्या वाड्यावर माड विजेच्या तारांवर कोसळले आणि शेजाऱ्यांच्या छतावरील शाबूत पॅनलही निरुपयोगी ठरले, कारण बॅटरी नसलेली, ग्रिडला (म्हणजे सार्वजनिक वीजवाहिन्यांच्या जाळ्याला) जोडलेली यंत्रणा पुरवठा खंडित होताच सुरक्षेसाठी आपोआप बंद होते (विक्रेत्याने हे आधी सांगितले नव्हते, असे शेजारी आजही म्हणतात). दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असलेल्या राज्यात वादळांचा अभ्यास आणि ऊर्जेचे नियोजन एकमेकांना विचारून व्हायला हवे. निदान रुग्णालये आणि वादळ-निवाऱ्यांच्या छतांवर तरी बॅटरीसह पॅनल आधी बसवावेत.