खुलासा : २०२२ मध्ये रिपब्लिकन मतदार घरी बसले नव्हते

अमेरिकेतल्या २०२२ च्या मध्यावधी (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे होणाऱ्या) निवडणुकीबद्दल एक दावा पुन्हा फिरतोय : ‘रिपब्लिकन पक्षाचे पुराणमतवादी मतदार रुसून घरी बसले, म्हणून पक्षाची अपेक्षित लाट आली नाही.’ हे खरं नाही. प्रतिनिधीगृहासाठी (संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी) देशभरात पडलेल्या मतांत रिपब्लिकन पक्ष जवळपास तीन टक्क्यांनी पुढे होता आणि २२२ विरुद्ध २१३ असं बहुमतही त्यालाच मिळालं. मग लाट अडली कुठे? उमेदवारांपाशी.

जॉर्जिया बघा. एकच दिवस, एकच मतपत्रिका. गव्हर्नरपदाला रिपब्लिकन ब्रायन केम्प सात टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले. सिनेटला, म्हणजे वरिष्ठ सभागृहाला, त्याच पक्षाचे हर्शल वॉकर केम्पपेक्षा सुमारे दोन लाख मतं कमी घेऊन मागे पडले आणि ६ डिसेंबरच्या फेरलढतीत हरले. केम्पना मत देणारा माणूस केंद्रापर्यंत आलाच होता ना! त्यातल्या अनेकांनी वॉकरना नाकारलं, इतकंच.

अ‍ॅरिझोनातही तेच : गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवार केरी लेक सुमारे १७ हजार मतांनी पडल्या, तर त्यांच्याच पक्षाच्या किंबर्ली यी राज्याच्या खजिनदारपदी आरामात निवडून आल्या.