मिडलसेक्सची ‘फक्त कौन्सिल’ गेली का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, 1965 साली बरखास्त झाली ती फक्त कौन्सिल, म्हणजे कारभार पाहणारी संस्था. मिडलसेक्स काउंटी, म्हणजे लंडनलगतचा तो जुना जिल्हा, कधी संपलीच नाही, आणि मी नकाशावरच्या रेघेसाठी उगाच गळा काढतोय.

कौन्सिल वेगळी आणि काउंटी वेगळी, हे मान्य. लेखात मी सरसकट ‘काउंटी रद्द’ लिहिलं, तिथे फोड करायला हवी होती. पण ‘फक्त कौन्सिल’ हेही खरं नाही. 1963 च्या कायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1965 ला कौन्सिलबरोबर मिडलसेक्सच्या लॉर्ड लेफ्टनंटचं, म्हणजे तिथल्या राणीच्या प्रतिनिधीचं पदही गेलं. बहुतेक मुलूख ग्रेटर लंडनच्या नव्या बरोंमध्ये, म्हणजे पालिका-विभागांमध्ये, वाटला गेला, पॉटर्स बार हर्टफर्डशायरला आणि स्टेन्स, सनबरी सरेला. 22 लाखांवर वस्ती होती हो तिथे!

लंडन वाढत वाढत मिडलसेक्सभर पसरलं होतं; रस्ते, घरबांधणी यांचा विचार एकत्र व्हायला हवा होता, हे मलाही पटतं. म्हणून तर पुढचं जास्त लागतं. जिच्यासाठी हे घर मोडलं ती ग्रेटर लंडन कौन्सिल 1986 मध्ये स्वतःच बरखास्त झाली. मिडलसेक्समधून गेलेल्या हॅरो, ईलिंग, ब्रेंट या बरोंवर पुढची 14 वर्षं ना जुनं छत्र, ना नवं.

पार्लमेंट स्क्वेअरमध्ये मिडलसेक्स गिल्डहॉल आजही उभा आहे. 1889 मध्ये हा वेस्टमिन्स्टरचा भाग नव्या लंडन काउंटीत गेला, तरी मिडलसेक्सचा कारभार तिथूनच चाले, स्वतःच्या हद्दीबाहेरून. 2009 पासून त्या वास्तूत ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय भरतं. लॉर्ड्सवर खेळणाऱ्या क्रिकेट क्लबनेही नाव सोडलेलं नाही.

आता रेघेबद्दल. माझे मामा हॅरोला असतात. त्यांच्या एरोग्रामवर पत्ता घालायचं काम माझं. निळा कागद, तीन घड्या, कडेला डिंक. चिकटवण्याआधी आई हमखास विचारायची, ‘‘मिडलसेक्स लिहिलंस ना?’’ हे 1983 चं. काउंटी जाऊन 18 वर्षं झाली होती, पण पोस्टाने पत्त्यातलं नाव बदललं नव्हतं. 1996 पासून पत्त्यात काउंटी लिहायची गरजही उरली नाही.

मामा अजून लिहितात. मागच्या दिवाळीला आलेल्या पाकिटामागे, त्यांच्या थरथरत्या अक्षरात, हॅरोखाली मिडलसेक्स होतंच.