रोड हिप्नोसिस अडीच तासांची वाट बघत नाही

समृद्धीवर मोठा अपघात झाला की ‘रोड हिप्नोसिस’चा तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्यात म्हटलंय की, रस्त्याला लागल्यावर अडीच तासांनी चालक संमोहित होतो. डोळे उघडे असतात, पण मेंदू नोंद घेत नाही. उभ्या ट्रकवर मागून आदळण्याचं हेच एक नंबरचं कारण. म्हणून दर अडीच तासांनी थांबा आणि 5-6 मिनिटं चाला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. पण हे वाचून माणूस पहिले अडीच तास निर्धास्त होतो, ते मला धोक्याचं वाटतं.

अडीच तासांचं असं कुठलंच घड्याळ मेंदूत नसतं. सरळ, मोकळ्या, एकसुरी रस्त्यावर लक्ष अर्ध्या तासातही मंदावतं. मध्यरात्रीनंतर आणि दुपारी 2 ते 4 च्या सुमारास तर शरीर आपसूक पेंगुळतं, मग तुम्ही नुकतेच निघालेले का असेनात.

‘डोळे उघडे, मेंदू बंद’ हे अर्धंच खरं. मेंदू बंद असता तर गाडी लेनमध्ये राहिली नसती. थांबते ती नजर. हात लांब केला की अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढ्याच जागेतलं आपल्याला एका वेळी नीट दिसतं. बाकीचं धूसर असतं, नजर फिरते म्हणून ते भरून निघतं. कंटाळलेला चालक पुढच्या गाडीच्या पाठीवर डोळे रोवून बसतो आणि कडेने आत शिरणारं जनावर त्याला दिसतच नाही. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड स्मिथ यांनी 1952 मध्ये चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यांच्या पाच नियमांत ‘लांबवर बघा’ आणि ‘नजर फिरती ठेवा’ हे दोन आहेत. ताशी 100 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. बारा सेकंद पुढचं बघायचं तर नजर तीनशे मीटरच्या पलीकडे हवी. तिथून आरशांत, मग स्पीडोमीटरवर, की पुन्हा लांब.

उभ्या ट्रकच्या बाबतीत हा मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. टेललाइट बंद आणि रिफ्लेक्टर नाही, असा ट्रक रात्री ताज्यातवान्या चालकालाही उशिराच दिसतो. डिपरच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या, उजेडात 40-50 मीटरपर्यंतचं जेमतेम दिसतं. 100 च्या वेगातून गाडी थांबायला, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरून, शंभरेक मीटर लागतात. शिवाय पुढचं वाहन उभं आहे की चालतंय, हे लांबून कळत नाही. जवळ गेल्यावरच ते एकाएकी मोठं होऊ लागतं. अशा धडकेला सरसकट संमोहन म्हटलं की दिवे बंद ठेवून रस्त्यात ट्रक उभा करणारा सुटतो. याचा मला राग येतो.

थांबा, हा सल्ला बरोबरच आहे. पण झोप येत असेल तर चालून ती जात नाही. 15-20 मिनिटं झोपा, तीही पेट्रोल पंपाच्या किंवा विश्रांती थांब्याच्या आवारात गाडी लावून. महामार्गाच्या कडेला लावलीत, तर मागून येणाऱ्यासाठी तुमचीच गाडी तो उभा ट्रक होते.