तोफ कुठे डागली ते तरी दाखवा

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या फाउंटन्स अ‍ॅबीचा फोटो सध्या फिरतोय. खाली मजकूर: ‘साधूंनी स्वतःच्या हातांनी बांधलेला, साधेपणाचं व्रत शेवटपर्यंत पाळणारा मठ आठव्या हेन्रीच्या सैन्यानं तोफांनी उडवला.’

तोफांचंच आधी बघू. फोटोत जवळपास ५० मीटर उंच मनोरा शाबूत उभा आहे. तोफा लावणाऱ्यानं तो सोडला असता? १८१८ नंतर आपल्या किल्ल्यांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंगानं उडवल्या, त्यामुळे पडकी भिंत दिसली की आपल्याला दारूगोळाच आठवतो. इथे तसं काही घडलं नाही. नोव्हेंबर १५३९ मध्ये मठाधिपती ब्रॅडली यांनी मठ, देशभरचे मठ बंद करत सुटलेल्या राजा आठव्या हेन्रीच्या हवाली केला आणि वर्षाला १०० पौंड पेन्शन घेतली. पुढच्याच वर्षी रिचर्ड ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्यानं तो विकत घेतला. छपरावरचं शिसं उतरवून वितळवलं. शिसं गेलं की पाऊस आत येतो, लाकूड कुजतं. पुढचं काम यॉर्कशरच्या हवेनं फुकटात केलं.

स्वतःच्या हातांनी? ११३२ मध्ये यॉर्कचा मठ सोडून आलेले तेरा जण खरोखर उघड्यावर राहिले, हे मान्य. पण नंतरचा पसारा उभा राहिला तो मेंढ्यांच्या लोकरीच्या पैशावर आणि मठाची अंगमेहनतीची कामं करणाऱ्या सेवाबंधूंच्या कष्टांवर. हे बंधूही व्रतस्थच, पण त्यांचं जेवणघर वेगळं, झोपायची जागा वेगळी. पश्चिमेकडची त्यांची इमारत तेवढी बघा: सुमारे ९० मीटर लांब तळघरासारखं दालन, मधोमध खांबांची एकच रांग. खांबांना वरती नक्षीचा शिरोभाग नाही; कमानीच्या फासळ्या थेट खांबातूनच फुटतात, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा. या दालनाचा एक भाग कोठाराचा, दुसरा जेवणाचा. साधेपणा शोधायचाच असेल तर तो इथे आहे.

‘शेवटपर्यंत’ मात्र नाही. हा मठ ज्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा, त्या सिस्टर्शियन पंथानं ११५७ मध्येच दगडी घंटामनोऱ्यांना मनाई केली होती. तरी मठाधिपती ह्यूबी यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटोतला तो मनोरा उठवलाच. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की मान आणि गौरव एकट्या देवालाच. बरं.

उरलेल्या दगडांचं विचाराल, तर स्टीफन प्रॉक्टर यांनी १५९८ नंतर शेजारीच बांधलेल्या हवेलीत त्यातले बरेच बसलेत.