ताप 'बाहेर पडू द्या' म्हणे!

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, पिल्लू रडायचं थांबतच नाहीये, अंग नुसतं भाजतंय." सकाळी लस टोचून आणलेली, म्हणजे थोडाफार ताप येणारच होता. व्हिडिओ कॉल लावला तर अडीच महिन्यांचं पोर टोपी, मोजे आणि दोन जाड पांघरुणांत गुरफटलेलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले. हे कुणी सांगितलं? तर व्हॉट्सॲपवर फिरणारे 'लसीनंतरचे सहा नियम'.

नियम पहिला: तापाचं औषध देऊ नका, लस वाया जाते. बाळाला गुंडाळून ठेवा, ताप 'बाहेर पडू द्या'. अहो, ताप म्हणजे काय कुकरमधली वाफ आहे? लसीला शरीर प्रतिसाद देतं तेव्हा मेंदूच तापमान थोडं वर नेतो. जादा उष्णता कातडीवाटे निघून जाते, आणि पांघरुणं नेमकी तीच वाट बुजवतात. आपण मोठी माणसं गरम झालं की पांघरूण लाथाडतो. अडीच महिन्यांचं बाळ काय करणार? रडणार. तेच करत होतं. बहिणीला म्हटलं, आधी सगळं काढ, एक पातळ सुती कपडा राहू दे आणि पाजायला घे. थर्मामीटर १०२ दाखवत होता. मग डॉक्टरांना विचारून वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल दिलं.

आता 'लस वाया जाते' यात अर्धं खरं आहे, हे कुरकुरत का होईना मान्य करते. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चेक प्रजासत्ताकातल्या ४५९ बाळांचा अभ्यास आला. ताप येवो न येवो, काही बाळांना लसीनंतर २४ तासांत पॅरासिटामॉलचे तीन डोस ठरवून दिले होते. त्यांच्यात ताप कमी आला, पण काही लसींमुळे तयार होणारी प्रतिपिंडंही (रोगाशी लढणारी प्रथिनं) कमी तयार झाली. कमी झाली, नाहीशी नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आधीच औषध पाजून ठेवू नका, एवढाच त्याचा अर्थ. (मेंदूज्वराच्या एका प्रकारावरच्या मेनिंजायटिस बी लसीसोबत ब्रिटनमध्ये मात्र पॅरासिटामॉल मुद्दाम द्यायला सांगतात.) चढलेल्या तापात कळवळणारं बाळ तसंच ठेवा, असं त्यात कुठेही नाही. आणि थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपच्या चमच्याने मोजू नका. दोन्हींची तीव्रता वेगळी असते.

बाकीचे नियम भराभर उरकते. टोचलेली जागा जोरात चोळा? नको, सूज आणि दुखणं वाढेल. गार पाण्याची पट्टी पुरे. दोन तास दूध बंद? उलट टोचताना अंगावर पाजलं तर बाळाला कमी दुखतं, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सुचवते. ताप आला नाही म्हणजे लस नकली? कित्येक बाळांना येत नाही. गोवराच्या लसीचा ताप तर बरेचदा आठवडाभराने येतो, तोवर काय नकली म्हणायची? क्षयरोगावरच्या बीसीजी लसीची गाठ पिकली की पिळा? हात लावू नका, ती पिकते, वाहते आणि आपोआप सुकते. सहावा नियम, हा मेसेज दहा आयांना पाठवा.

झटका आला, श्वासाला त्रास झाला, बाळ लुळं पडलं, दूधच घेईना किंवा तीन तास सलग रडत राहिलं, तर मेसेज वाचत बसू नका, दवाखाना गाठा. आमचं पिल्लू साडेबाराला पिऊन झोपलं. बहीण मात्र तीनपर्यंत जागी होती, दर अर्ध्या तासाने मला आकडा कळवत.