चुकीचा पार्ट आला? आधी नंबर वाचा, पाना नंतर उचला

ऑनलाइन मागवलेला पार्ट थोडा वेगळा दिसला की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: "बसवून बघू, बसला तर बसला." माझा याला ठाम विरोध आहे. एकदा पार्ट चढवला की त्यावर पान्याचे ओरखडे येतात, ऑइल-ग्रीस लागतं आणि विक्रेत्याला परत न घ्यायला आयतं कारण मिळतं. सेन्सरसारखा इलेक्ट्रिकल पार्ट तर जोडल्यावर बहुतेक जण परत घेतच नाहीत. ठेवायचा की पाठवायचा, हे पार्ट टेबलावर असतानाच ठरवा.

चार ठिकाणचे नंबर जुळवा: ऑर्डर, बिल, खोकं आणि प्रत्यक्ष पार्ट. खोक्यावर नंबर बरोबर पण आतल्या पार्टवर दुसराच असेल, तर बहुधा दुसऱ्या कुणी परत केलेला माल तुमच्याकडे आलाय. तो लगेच पाठवा. मात्र नंबर वेगळा म्हणजे पार्ट चुकीचाच, असंही नाही. कंपन्या जुना नंबर बंद करून त्याच जागी नवा देतात. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर घेऊन अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर विचारलं तर लगेच उलगडा होतो.

सगळ्यात घातक असतो तो जवळजवळ बसणारा पार्ट. ऑइल फिल्टरच घ्या. तो ज्या आट्यांच्या दांड्यावर फिरवून बसवतात, तो स्टड काही इंजिनांवर पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा असतो, काहींवर २० मिलिमीटरचा, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला. व्यासात फरक जेमतेम एक मिलिमीटर. पाऊण इंची स्टडवर २० मिलिमीटरचा फिल्टर हाताने सहज फिरतो, रबरी सील टेकतं, सगळं ठीक वाटतं. पण आट्यांची फक्त टोकं पकडलेली असतात. सकाळी थंड इंजिन सुरू झालं की ऑइलचं प्रेशर चढतं, तेव्हा सील सुटू शकतं, फिल्टर निघूही शकतो. ऑइल संपलं की इंजिन जाम.

ब्रेक पॅडचंही तेच. कॅलिपरच्या खाचेत बसणारे पॅडच्या टोकांचे कान मिलिमीटरभर रुंद निघाले की ग्राइंडरवर घासून बसवतात. घट्ट राहिला तर पॅड मागे सरकत नाही, डिस्क तापते, गाडी एका बाजूला ओढते. सायन-घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा पावलांवर ब्रेक लागतो, तिथे हे चालवून घेणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट: यात घासाघीस नाही, परतच.

वायपर ब्लेड एक इंच आखूड आला आणि हुक तोच असेल, तर खुशाल ठेवा. लांब मात्र नको, दोन ब्लेड एकमेकांवर आपटतात. आणि चुकून महागडा पार्ट आला तरी ठेवू नका. तो आपला नाही, शिवाय बिलावर वेगळा नंबर असल्याने वॉरंटीही मिळणार नाही.

रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा हिशोब निराळा. गाडी उभी म्हणजे दिवसाची कमाई गेली. त्यांनी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारात जाऊन त्याच दिवशी पार्ट घ्यावा आणि परतीच्या अर्जात 'बदलून द्या' न निवडता 'पैसे परत' निवडावं, नाहीतर आठवड्याने दुसरा पार्ट दारात. घरच्या गाडीवाल्यांनी पार्ट हातात येऊन नंबर जुळेपर्यंत गाडी उघडूच देऊ नये. गॅरेजबाहेरच्या गल्लीत चाक काढलेली गाडी चार दिवस उभी ठेवायला मुंबईत जागा कुठे आहे?

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल आणि पार्टवरचा नंबर स्पष्ट दिसू दे. मूळ खोकं, आतली प्लास्टिकची पिशवी जपा. परतीचं पार्सल वॉचमनकडे ठेवून निघून जाऊ नका. कुरिअरवाल्याकडून पोच घ्या, तिचा फोटो काढा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर २०२० चे ई-कॉमर्स नियम तुमच्या बाजूने आहेत: जाहिरातीत सांगितलेला किंवा ठरलेला माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. शॉपिंग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक जपा. तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.